सुजेचा संधिवात: नेमकं कोणाला दाखवायचं, आणि जाताना काय घेऊन जायचं?

शेवंती

बहिणीसाठी विचारते आहे. वय ३४. सात आठवड्यांपासून दोन्ही मनगटं आणि बोटांचे मुळातले व मधले सांधे सुजताहेत. सकाळी दीड तास मूठ वळत नाही, दुपारपर्यंत हात बराच मोकळा होतो. ताप नाही, वजन थोडं उतरलंय. सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या ईएसआर ४८ आणि सीआरपी २१ (दोन्ही वाढलेल्या), हिमोग्लोबिन १०.८. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, हातांचा एक्स-रे नॉर्मल.

आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही असं सांगून तिला फक्त वेदनाशामक गोळ्या दिल्या आहेत. गोळी घेतली की चार-पाच तास बरं, मग पुन्हा तेच.

माझे प्रश्न: हाडांचे डॉक्टर, फिजिशियन की संधिवाततज्ज्ञ? जवळचे संधिवाततज्ज्ञ पाच तासांच्या अंतरावर आहेत आणि तारीख दोन महिन्यांनंतरची मिळते आहे. तोवर थांबलं तर चालेल का? आणि उपचार योग्य दिशेने चाललेत हे आपल्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

कातळशिल्प

शेवंतीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. दुसऱ्याचंही सरळ आहे: दोन महिने थांबू नका.

आरए फॅक्टरबद्दल आधी. र्‍हुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो सुजेचा आजार) असलेल्या साधारण चार-पाच जणांपैकी एकाच्या रक्तात तो सापडत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत न सापडण्याचं प्रमाण याहून जास्त असतं. उलट बाजूने, हेपॅटायटिस सी असलेल्यांत, दीर्घकाळच्या इतर संसर्गांत आणि काही धडधाकट वयस्कर माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो. त्यामुळे या एका चाचणीवर आजार आहे किंवा नाही, दोन्हीही ठरत नाही. निदान सांध्यांवर हात ठेवून होतं, रक्त त्याला जोड देतं.

२०१० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि युरोपातली संधिवाताची संघटना युलर यांनी मिळून निकष ठरवले. त्यांत १० पैकी ६ गुण लागतात. तुमच्या बहिणीचे मोजून बघा. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेलं, १ गुण. सहा आठवड्यांहून जास्त काळ, १ गुण. सुजलेले किंवा दाबल्यावर दुखणारे सांधे ४ ते १० असतील आणि ते छोटे असतील तर ३ गुण, १० पेक्षा जास्त असतील तर ५. म्हणजे सांधे ११ भरले तर रक्तात काहीही न सापडता एकूण ७ होतात. सांधे १० किंवा कमी असतील तर ५ वर अडकतं, आणि तिथे अँटी-सीसीपी ही रक्ताची चाचणी निर्णायक ठरते: थोडी पॉझिटिव्ह आली तर २ गुण, जोरदार आली तर ३. तुम्ही दिलेल्या यादीत ही चाचणी नाही. ती आधी करून घ्या. आरए फॅक्टरपेक्षा ती खूप जास्त नेमकी आहे.

हे निकष दुसरं कुठलं कारण सापडत नसेल तेव्हाच लावायचे असतात. पार्व्होव्हायरस आणि चिकुनगुनिया हुबेहूब असंच चित्र उभं करतात. पार्व्होचा संधिवात बहुधा काही आठवड्यांत ओसरतो, चिकुनगुनियाचा महिनोन् महिने रेंगाळू शकतो. दुखणं सुरू होण्याआधी ताप किंवा अंगावर पुरळ आलं होतं का, हे बहिणीला नीट आठवायला सांगा.

एक्स-रे नॉर्मल आहे ही चांगली गोष्ट, पण त्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. हाड कुरतडलं गेल्याचं एक्स-रेत दिसायला महिने जातात. तेव्हा 'नॉर्मल' याचा अर्थ, नुकसान अजून व्हायचं आहे आणि ते टाळता येण्यासारखं आहे. पॉवर डॉप्लर सोनोग्राफीत सांध्याच्या अस्तराची सूज याच्या खूप आधी दिसते. पायांचाही एक्स-रे काढा. पहिली झीज पुष्कळदा पावलाच्या करंगळीच्या मुळाशी दिसते आणि पावलं कोणी बघतच नाही.

आता वेळेचं. युलरची शिफारस अशी की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने रुग्णाला पाहावं आणि मूळ आजार रोखणारं औषध शक्यतो तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावं. तुमचे सात आठवडे झालेच आहेत. दोन महिन्यांनंतरची तारीख म्हणजे तीन महिने उलटून जाणार.

तारीख अलीकडे आणण्यासाठी 'सांधे दुखतात' एवढंच सांगून उपयोग होत नाही. असं दुखणारे शेकड्यांनी असतात. फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तिच्यात हे असू द्या: 'वय ३४, ७ आठवड्यांपासून दोन्ही हातांच्या छोट्या सांध्यांना सूज, सकाळचा ताठरपणा ९० मिनिटं, ईएसआर ४८, सीआरपी २१, तळवा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर बोटांच्या मुळांशी वेदना, नव्याने सुरू झालेला सुजेचा संधिवात असल्याची शंका.' हे फोनवर वाचून दाखवा. शक्य असेल तर फॅमिली डॉक्टरांनीच तज्ज्ञांशी दोन मिनिटं बोलावं. रद्द झालेल्या तारखांच्या यादीत नाव टाकायला सांगा. मोठ्या शिकाऊ रुग्णालयांत कधी कधी नव्या संधिवातासाठी वेगळी ओपीडी असते, तिथे नंबर लवकर लागतो.

पाणकणीस

कातळशिल्प यांच्याशी सहमत. धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी थोडी भर घालते, कारण सगळ्यांचं चित्र शेवंतीताईंच्या बहिणीसारखं नसतं.

सूज कशी आहे ते हाताने बघा. सुजेच्या संधिवातात सांधा मऊ, कणकेसारखा, किंचित कोमट लागतो. झिजेच्या संधिवातात गाठ टणक, हाडासारखी असते आणि बहुतेक वेळा बोटाच्या टोकाजवळच्या सांध्याला किंवा अंगठ्याच्या मुळाला येते. झिजेत सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि काम केल्यावर दुखणं वाढतं. सुजेच्या आजारात विश्रांतीने आखडतं, हालचालीने सुटतं. झिजेच्या गुडघ्यासाठी हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट योग्यच आहेत. सुजेच्या आजारात हाडांच्या डॉक्टरांचं काम नंतर येतं: सांधा बदलणं, तुटलेला स्नायूबंध जोडणं, वाकडा झालेला हात सरळ करणं.

टोकाजवळचे सांधे सुजलेत, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलंय, नखांवर खड्डे आहेत किंवा नख खालून सुटतंय, असं असेल तर सोरायसिसचा संधिवात डोक्यात ठेवा. त्वचेवरचे चट्टे डोक्यात, बेंबीत, कानामागे किंवा ढुंगणाच्या घडीत लपलेले असतात. रुग्ण ते सांधेदुखीच्या डॉक्टरांना दाखवत नाहीत, आणि निदान तिथेच चुकतं.

कंबरदुखी वयाच्या ४५ च्या आत हळूहळू सुरू झाली, तीन महिन्यांहून जास्त टिकली, पहाटे झोपेतून उठवते आणि चालल्याफिरल्यावर कमी होते, तर ती मणक्याच्या सुजेची असू शकते. साध्या कंबरेच्या एक्स-रेत हे वर्षानुवर्षं दिसत नाही. त्रिकास्थीच्या (मणक्याच्या तळाच्या हाडाच्या) दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा एमआरआय लागतो आणि त्यात 'स्टर' हा सूज ठळक दाखवणारा क्रम घ्यावा असं चिठ्ठीत लिहिलेलं असावं. नुसता 'कमरेचा एमआरआय' लिहिलं तर मणक्यांमधल्या गादीची झीज दिसते, रुग्णाला विश्रांती सांगितली जाते, आणि या आजारात विश्रांतीने दुखणं वाढतं. एचएलए-बी२७ हे या आजाराशी जोडलेलं जनुक बिनाआजाराच्या अनेकांतही असतं, म्हणून एकट्या त्या रिपोर्टवर निदान नको.

१६ वर्षांच्या आत सुरू झालेला आणि सहा आठवड्यांहून जास्त राहिलेला संधिवात असेल तर लहान मुलांचे संधिवाततज्ज्ञ शोधा. लहान मुलं दुखतंय असं सांगत नाहीत, सकाळी लंगडतात किंवा पुन्हा उचलून घ्यायचा हट्ट करतात. अशा मुलांच्या डोळ्यांच्या आत लालीही न येता आणि दुखतही नसताना सूज येते. म्हणून निदान होताच नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पने तपासणी हवी. एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलांत ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी लागते.

तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जायचं ते कधी? एकच सांधा अचानक लाल, गरम आणि हात लावू न देणारा झाला, विशेषतः सोबत ताप असेल तर. त्यात पू असू शकतो, आणि त्यातलं पाणी सुईने काढून तपासल्याशिवाय कोणीही तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन देता कामा नये. डोळा लाल होऊन दुखतोय आणि उजेड सहन होत नाही, तेव्हाही थांबायचं नाही. मानदुखीबरोबर हातापायांतली ताकद कमी होत असेल, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तेव्हाही नाही.

दवबिंदू

काय घेऊन जायचं ते लिहितो. पहिल्या भेटीत डॉक्टरांना बहुतेक वेळा २०-३० मिनिटं मिळतात. त्यातली १५ जर जुन्या कागदांचा गठ्ठा चाळण्यात गेली तर सांधे तपासायला वेळ उरत नाही.

एकच कागद करा. वर तारीखवार क्रम: कोणता सांधा कधी सुरू झाला, पुढे कुठे गेलं. खाली घेतलेली सगळी औषधं: नाव, डोस, किती दिवस, फरक पडला का, त्रास झाला का. मग इतर आजार, कुटुंबात कोणाला संधिवात, सोरायसिस, आतड्यांची सूज किंवा थायरॉइड आहे का, तंबाखू किंवा धूम्रपान, गरोदरपणाचा विचार, टीबी कधी झाला होता का किंवा घरात कोणाला होता का. टीबीचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे, कारण पुढे लागणारी काही औषधं झोपलेला टीबी जागा करू शकतात.

सकाळचा ताठरपणा मोजताना जाग आल्यापासून हात 'आता याहून जास्त मोकळा होणार नाही' असा वाटेपर्यंतची मिनिटं धरा. आठवडाभराची नोंद पुरे. सूज जास्त असेल त्या सकाळी दोन्ही हातांचे फोटो काढा, तळवा टेबलावर ठेवून आणि मूठ वळवून. अपॉइंटमेंट दुपारची असते आणि दुपारी हात बरा दिसतो, म्हणून फोटोंना किंमत आहे.

एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी न्या. संधिवाततज्ज्ञ स्वतः बघतात आणि त्यांना दिसणारं रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.

आधी करून ठेवण्यासारख्या तपासण्या: अँटी-सीसीपी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीसाठी), हेपॅटायटिस सी, छातीचा एक्स-रे, हात आणि पाय दोन्हींचे एक्स-रे. एएनए फॅमिली डॉक्टरांना योग्य वाटल्यास. यामुळे औषध पहिल्याच भेटीत सुरू होऊ शकतं. नाहीतर पाच तास प्रवास करून हातात फक्त तपासण्यांची यादी घेऊन परत यावं लागतं. लॅबचं 'आर्थरायटिस पॅकेज' मात्र घेऊ नका. त्यात एएसओसारख्या (घशाच्या झालेल्या संसर्गाच्या) चाचण्या असतात, ज्यांचा ३४ वर्षांच्या व्यक्तीच्या अशा सुजेशी काही संबंध नसतो आणि रिपोर्टमधल्या लाल आकड्यांनी घाबरायला होतं.

आणि एक मनापासून विनंती: नाव नसलेल्या पुड्या, कॅप्सूल किंवा 'सांध्याचं इंजेक्शन' असं काहीही घेतलं असेल तर ते लपवू नका. त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. दोन दिवसांत जादू झाल्यासारखी सूज उतरते, तपासताना काहीच सापडत नाही आणि निदान महिनोन् महिने पुढे जातं. काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड अचानक बंद केलं तर रक्तदाब पडून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहण्याची ही जागा नव्हे.

शेवंती

सगळ्यांचे आभार. चिठ्ठीचा मजकूर तसाच वापरते. दोन गोष्टी उरल्या. इथले फिजिशियन म्हणतात, तारीख मिळेपर्यंत थोडं स्टिरॉइड देतो. घ्यावं का? आणि बहिणीला पुढच्या वर्षी मूल हवं आहे, त्याचा औषधांवर परिणाम होईल का?

कातळशिल्प

स्टिरॉइड वाईट नाही. मूळ आजार रोखणाऱ्या मुख्य औषधाचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, तोवरचा पूल म्हणून ते सर्रास वापरतात. पण पुलाला पलीकडचा काठ हवा. मुख्य औषध सुरूच नसेल तर स्टिरॉइड बंद केल्यावर आजार होता तिथेच परत येतो, आणि दरम्यान तपासणीतल्या खुणा पुसल्या जातात. तारीख दोन-तीन आठवड्यांवर आणता आली तर नुसत्या वेदनाशामकावर काढा, सोबत पोटासाठी गोळी, आणि एकाच वेळी दोन वेदनाशामकं नकोत. मूत्रपिंडं बिघडतात. हात अगदीच चालत नसतील आणि फिजिशियननी कमी डोसचं प्रेडनिसोलोन दिलंच, तर सुरू करण्याआधी त्यांच्याकडून सुजलेल्या सांध्यांची संख्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

गरोदरपणाबद्दल पहिल्या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत सांगा. याने औषधाची निवडच बदलते. सर्वांत जास्त वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ते चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन लागतं आणि मूल हवं असेल तर सहसा तीन महिने आधी बंद करतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, कोलेस्टिरामिन देऊन ते धुऊन काढावं लागतं. म्हणून वर्षभरात मूल हवं असेल तर ते बहुधा टाळतात. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालतात. सल्फासॅलाझिनबरोबर फॉलिक अ‍ॅसिड हवंच. बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग अडवणाऱ्या) औषधांपैकी सर्टोलिझुमॅब नाळेतून जवळजवळ जात नाही. आधी आजार काही महिने शांत करायचा आणि मग गरोदर राहायचं, हा क्रम आईसाठीही आणि बाळासाठीही चांगला. आजार भडकलेला असताना सगळी औषधं सोडून देणं हा सुरक्षित मार्ग नाही.

उंबरठा

उपचार योग्य चाललेत का, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते.

पहिली खूण: डॉक्टर प्रत्येक भेटीत सांधे हाताने मोजतात का. ठरलेले २८ सांधे असतात: दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, बोटांच्या मुळाचे १० आणि मधले १०. किती दुखतात आणि किती सुजलेत हे वेगवेगळं लिहायचं. त्यात रुग्णाचा स्वतःचा ० ते १० अंदाज आणि डॉक्टरांचा ० ते १० अंदाज मिळवला की सीडीएआय हा आकडा निघतो. रक्ताची चाचणी लागत नाही. २.८ किंवा कमी म्हणजे आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. डॅस-२८ हा असाच दुसरा आकडा वापरत असतील तर २.६ च्या खाली शांत, ५.१ च्या वर तीव्र. फाइलमध्ये यांपैकी एक तरी आकडा तारखेसह दिसला पाहिजे. 'बरं आहे का?' 'हो, थोडं' एवढ्यावर औषध तेच ठेवलं जात असेल तर विचारा: आपलं लक्ष्य काय आहे आणि आपण त्यापासून किती दूर आहोत? चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

दुसरी खूण वेळापत्रक. आजार चालू असताना दर एक ते तीन महिन्यांनी भेट. तीन महिन्यांत ठळक सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नसेल तर उपचार बदलायला हवेत. वर्षभर त्याच डोसवर सुजलेले हात घेऊन फिरणारे रुग्ण दिसतात, हे खरोखर टाळण्यासारखं आहे.

पुढे कधी मेथोट्रेक्सेट सुरू झालं तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. हे चिठ्ठीवर वाराच्या नावाने लिहून घ्या. रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो, आणि ही चूक जगभर होते. फॉलिक अ‍ॅसिड आठवड्याला किमान ५ मिग्रॅ, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नाही. लघवीच्या संसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर आधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा, ही जोडी धोकादायक आहे. सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर ८ ते १२ आठवड्यांनी. कोरडा खोकला आणि दम नव्याने लागला तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा डोस वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिग्रॅपेक्षा जास्त नको, पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

टीबीचा मुद्दा: बायोलॉजिक किंवा जॅक इन्हिबिटर या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबी गोल्ड किंवा मॅन्टू (सुप्त टीबी शोधणाऱ्या चाचण्या), आणि हेपॅटायटिस बी-सी तपासलंच पाहिजे. ही औषधं झोपलेला टीबी जागा करू शकतात. सुप्त टीबी सापडला तर त्याचं औषध सुरू करून साधारण महिनाभर थांबतात, मग पुढे जातात. हे न करता कोणी बायोलॉजिक देऊ लागलं तर दुसरं मत घ्या.

पाच तासांचं अंतर: निदान होऊन औषध बसेपर्यंत प्रत्यक्ष जावंच लागेल, कारण सूज व्हिडिओवर मोजता येत नाही. आजार शांत झाला की रक्त गावातल्या लॅबमध्ये, रिपोर्ट मेसेजवर, आणि एक भेट प्रत्यक्ष, एक फोनवर असं बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लिहून घ्या: कोणता आकडा किती बिघडला तर औषध थांबवायचं, आणि मध्येच सांधे भडकले तर कोणाला फोन करायचा.

पाणकणीस

उंबरठा, छान लिहिलंत. एक दुरुस्तीवजा भर: २८ सांध्यांच्या मोजणीत पावलं आणि घोटे येत नाहीत. आकडा 'शांत' आला तरी पावलं सुजलेली राहू शकतात. प्रत्येक भेटीत मोजे काढून पावलं दाखवा. तसंच ईएसआर-सीआरपी नॉर्मल असूनही सांधे सुजलेले असतील तर सुजेवर विश्वास ठेवायचा, रिपोर्टवर नाही.

आणि शेवंतीताई, बहिणीला हात पूर्ण बांधून ठेवायला सांगू नका. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बोटं हळूहळू पूर्ण वळवून उघडायची. सुजलेल्या सांध्यावर जोर देणारे व्यायाम, चेंडू दाबणं वगैरे, सूज उतरेपर्यंत नकोत. मनगटाला रात्री पट्टा चालेल, पण दिवसा तासन् तास बांधला तर ते आखडतं.

शेवंती

फॅमिली डॉक्टर स्वतः तज्ज्ञांशी फोनवर बोलले. पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. अँटी-सीसीपी आणि पायांचा एक्स-रे उद्या करतोय.

दवबिंदू

उत्तम. अँटी-सीसीपीचा रिपोर्ट यायला काही लॅबना तीन-चार दिवस लागतात, नमुना देतानाच गुरुवारच्या आत मिळेल का ते विचारून घ्या. आणि त्या दिवशी सकाळी वेदनाशामक घ्यायची की नाही हे क्लिनिकला फोन करून विचारा. काही डॉक्टर तपासणीआधी न घेता यायला सांगतात.